मंद इंटरनेट आणि दूरचा संगणक

बालाघाटच्या डोंगररांगांतील पाटोदा तालुक्यात एखाद्या ग्रामपंचायतीचा संगणक ऐन दाखल्यांच्या दिवसांत अडला, तर बीडहून तंत्रज्ञ येईपर्यंत काम खोळंबते. पालकांना मात्र प्रवेशाची मुदत गाठावयाची असते. तंत्रज्ञाने बीडमध्येच बसून गावातील संगणक हाताळावा, अशी सोय करणारी सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत. अडचण उरते ती मंद इंटरनेटची.

या पद्धतीत गावच्या संगणकाच्या पडद्याचे चित्र तंत्रज्ञाकडे जाते आणि त्याच्या कळफलकाच्या व माउसच्या सूचना गावाकडे येतात. सूचनांचा भार नगण्य; खरा भार चित्राचा होय. 1920 बाय 1080 ठिपक्यांचा पडदा व प्रत्येक ठिपक्यास 24 बिट धरल्यास एका चित्राचे सुमारे 5 कोटी बिट होतात. सेकंदास 256 किलोबिट वेगाने ते जसेच्या तसे पाठविण्यास तीन मिनिटांहून अधिक काळ लागेल. पडदा 1024 बाय 768 व रंग 16 बिट ठेवल्यास हाच भार सुमारे सव्वा कोटी बिटांवर येतो. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर केवळ बदललेला भाग, तोही संक्षिप्त करून, पाठविते. म्हणून ध्वनी, हलती चित्रे व पडद्यामागील छायाचित्र बंद ठेवावे. देवदर्शनाचे छायाचित्र पडद्यावर शोभते खरे, पण दर खिडकी मिटताच ते पुन्हा पाठवावे लागते.

पडदा थिजला म्हणून पुनःपुन्हा क्लिक करणे हा नेहमीचा दोष. थांबलेल्या क्लिक जोडणी सुधारताच एकामागून एक पोचतात आणि एकच अर्ज दोनदा दाखल होण्याचा संभव असतो. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये जोडणी तुटली तरी दूरच्या संगणकावरील उघडे काम सहसा तसेच राहते. पुन्हा जोडून प्रथम ते पाहावे.

वेगापेक्षाही सावधगिरीचा प्रश्न मोठा आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कद्वारे होणाऱ्या फसवणुकीबाबत बँकांना सावध केले होते. भामटे ग्राहकाकडून नऊ आकडी क्रमांक मिळवीत व त्याच्या मोबाइलचा ताबा घेऊन खात्यातील रक्कम काढीत. तेव्हा असा क्रमांक, कार्यालयाने स्वतः बोलाविलेल्या परिचित तंत्रज्ञासच द्यावा. आपणहून फोन करणाऱ्यास कदापि नव्हे. दुरुस्ती चालू असता परिचालकाने संगणकासमोरून उठू नये, आणि डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल तत्पूर्वीच काढून कपाटात ठेवावे.