आधी नळी, मग साचा

चि. ओंकार यास,


टेक्सासात मार्लिन 336 घेतलीस आणि आता शिशाच्या गोळ्या घरीच ओतणार, हे वाचून बरं वाटलं. लिव्हर रायफल वाढली ती शिशावरच. 1873 च्या विंचेस्टरच्या .44-40 काडतुसात 40 ग्रेन काळी दारू आणि 200 ग्रेनची शिशाची गोळी असे. धूररहित दारूचं .30-30 काडतूस बाजारात आलं 1895 मध्ये. तुझ्या रायफलीचं तेच.

नवखा नेमबाज आधी धातूच्या मागे लागतो. नळीत शिसं चिकटलं, की गोळी मऊ होती म्हणतो आणि आणखी कडक मिश्रण शोधतो. खरा दोष बहुधा व्यासाचा असतो. गोळी नळीच्या खाचांपेक्षा बारीक असली, तर तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, शिसं कापत जातो, आणि काही बारांतच नेम विखुरतो. कडक गोळी दाबाखाली फुगून ही फट बुजवत नाही, म्हणून ती उलट जास्त त्रास देते.

यावर उपाय साधा. रायफल रिकामी करून, तेल लावलेला मऊ शिशाचा तुकडा नळीतून हळूहळू ठोकत पार करायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचा. गोळी त्याहून एक-दोन हजारांश इंच जाड हवी. मार्लिनचा बोल्ट लिव्हरचा स्क्रू काढला की बाहेर येतो. मोजणी आणि सफाई दोन्ही सोपी. विंचेस्टर 94 ही सवलत देत नाही.

मार्लिनच्या ‘मायक्रो-ग्रूव्ह’ नळ्यांना शिसं चालत नाही, असं रेंजवर कुणीतरी सांगेलच. त्या नळ्यांत खाचा उथळ आणि संख्येने जास्त. पुरेशी जाड गोळी दिली की त्यांतल्या बऱ्याच नळ्या छान मारतात. .44-40 च्या जुन्या नळ्यांचे व्यास तर आपसातच जुळत नाहीत. तिथे छापील माप कामाचं नाही.

मिश्रण 90 टक्के शिसं, 5 टक्के कथील, 5 टक्के अँटिमनी असलं तरी भागतं. वेग वाढवायचा असेल, तर बुडाला तांब्याची वाटी, म्हणजे गॅस चेक, बसवावा.

गोळीचं टोक मात्र चपटंच हवं. नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात. कडक टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकते आणि धक्क्याने बार उडू शकतो. क्रिंप, म्हणजे काडतुसाच्या तोंडाची आवळणी, हीही घट्ट हवी, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने गोळी आत सरकते. मॅगझिनची नळकांडी नळीलाच बांधलेली असल्याने तापल्यावर मारा हलतो, म्हणून निशाणावरचा गोळ्यांचा गट तपासताना नळी निवू द्यावी.

वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते उसळून अंगावर येतं. चष्मा, हातमोजे, मोकळी हवा हवीच. हात धुतल्याशिवाय खाणं नको. भारतात परत आलास, तर हा उद्योग 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय करता येत नाही.

साचा अजून मागवला नसशील, तर आधी नळी मोजून मला आकडा कळव.

तुझा,
काका