पुण्याच्या क्लासची फी भरण्याआधी

अगं, तो रविवारचा पुण्याचा क्लास लावायच्या आधी माझं थोडं ऐक. तुझी तळमळ मला कळते. थोरली आठवीत गेली, धाकटा चौथीत, आणि दोघांच्या दिवसात शाळा, शिकवणी नि मोबाइल सोडून काही उरलं नाही हे तुला खुपतं. चित्रं काढावीत, पुस्तकं वाचावीत, झाडं-पाखरं ओळखावीत असं तुला वाटतं, ते अगदी रास्त आहे. पण कापूरहोळहून पुणं 40 किलोमीटर. जाताना खेड शिवापूरचा टोलनाका, कात्रजचा बोगदा, पुढे शहरातली गर्दी. दीड-दोन तासांच्या क्लाससाठी अख्खा रविवार गाडीत जाणार. आणि तिथे शिकवणार काय? पानं गोळा करायची, पक्ष्यांची चित्रं रंगवायची, पावसावर चार ओळी लिहायच्या. ती पानं, ते पक्षी आणि तो पाऊस तुझ्या दारात सोडून तू मुलांना तिकडे नेणार.

मी इतकी वर्षं मुलांबरोबर चित्रं नि पुस्तकं घेऊन बसते आहे, त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. मुलांना कलेची गोडी लागायला भारी साहित्य लागत नाही, नावाजलेला शिक्षकही लागत नाही. दर आठवड्याला ठरल्या वेळी त्यांच्याबरोबर बसणारं, त्यांच्यासोबत बघणारं आणि त्यांचं ऐकून घेणारं एक मोठं माणूस लागतं. ते माणूस तू हो. तुझी दोन आणि वाडीतली आणखी आठ-दहा पोरं. रविवारी सकाळी, चहा-न्याहारी आटोपल्यावर, तुमच्याच पडवीत.

‘मला कुठे चित्र काढता येतं’ असं म्हणशील. नाही येत तरी चालतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम आठव. 1945 साली बोर्डीला त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या पाड्यावर नेली. गुरं वळणाऱ्या पोरांसाठी तर कुरणशाळा काढली. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षकाने जायचं आणि तिथल्याच काड्या, बिया, दगड, पानं घेऊन शिकवायचं. त्या काळात, त्या गरिबीत हे झालं. तुझ्याकडे तर पडवी आहे, वीज आहे, रंगपेट्या आहेत.

आता तुझ्या गावाचंच बघ ना. शंभूराजांची दूधआई धाराऊ तुमच्या कापूरहोळची, गाडे घराण्यातली. 1657 मध्ये पुरंदरावर बाळराजांचा जन्म झाला, दोनच वर्षांनी त्यांच्या आई सईबाई गेल्या. धाराऊने त्या लेकराला दूध पाजून वाढवलं. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे राजांचे दूधभाऊ. गावातल्या पोरांना एवढं ठाऊक असतं, भाषणातून ऐकलेलं असतं. पण तेच लेकरू मोठं होऊन संस्कृतात ‘बुधभूषण’ नावाचा ग्रंथ लिहितं, ब्रज भाषेत काव्यं रचतं, हे किती जणांना माहीत आहे? तलवारीइतकीच लेखणीही ज्याच्या हाती शोभली, त्याला वाढवणारी बाई आपल्या गावची. हे मुलांना पहिल्याच रविवारी सांग. मग विचार, धाराऊ त्या बाळाला झोपवताना काय गात असेल? प्रत्येकाला घरी जाऊन आजीला विचारायला लाव.

आणि इथेच तुझ्या साहित्याच्या तासाचं भांडार उघडतं. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. 1 लाखाहून जास्त ओव्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनी रचलेल्या, पहाटे दळताना गायलेल्या. त्यातल्या कितीतरी आज इंटरनेटवर त्या बायांच्या आवाजात ऐकायला मिळतात. तुझ्या सासूबाईंना येत असतील, त्यांच्या जावांना येत असतील. थोरलीच्या हातात मोबाइल आहेच, तर तिला हेच काम दे. आजीसमोर बसायचं, ओवी ध्वनिमुद्रित करायची, मग वहीत उतरवायची. कोणी गायली, कुठल्या गावची लेक, कोणाकडून शिकली, तेही खाली लिहायचं. या कामात मुलगी कान देऊन ऐकायला शिकते. शुद्धलेखनाच्या दहा तासांत न येणारी शब्दांची जाण त्यात येते. शिवाय घरातल्या म्हातारीला किती वर्षांनी कुणीतरी काहीतरी विचारलेलं असतं. ज्ञान प्रबोधिनीचं काम शिवापूर-वेल्हे पट्ट्यात जुनं आहे, बचत गटांमुळे बाया एकमेकींना ओळखतात. गटाच्या बैठकीतच विचार, कोणाकोणाला ओव्या येतात. रविवारी एकेकीला पाहुणी म्हणून बोलव. मानाने बोलव, हळदीकुंकू लाव, मुलांसमोर खुर्चीवर बसव.

वाचनाचं म्हणशील तर मोठ्याने वाचून दाखवणं सोडू नकोस. मूल चौथीत असो की नववीत, ऐकायला त्याला आवडतंच. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक मोफत वाचायला खुले आहेत, म्हणजे पुस्तकं विकत घ्यायला पैसे नाहीत ही सबब राहिलीच नाही. जमलं तर ‘वाचू आनंदे’ घेऊन ठेव. माधुरी पुरंदरे यांनी ते योजलं, नंदिता वागळे यांनी त्याला हातभार लावला. लहानांसाठी वेगळे भाग, कुमारांसाठी वेगळे. मराठीतलं निवडक साहित्य आणि त्याच्या जोडीला नामवंत चित्रकारांची चित्रं. एकाच पुस्तकातून तुझे दोन्ही तास निघतील. मोठ्या मुलांना प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ वाचून दाखव. त्यातला लंपन त्यांच्याच वयाचा आहे, ती लगेच त्याची होतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ तर तुमच्याकडे वाचायलाच हवी. तुमच्या डोंगरांवर धनगरवाडे आहेत, त्या वाड्यांतली मुलं तुमच्या मुलांच्या वर्गात बसतात. पुस्तक वाचल्यावर शेजारच्या बाकावरचा मुलगा वेगळा दिसायला लागतो.

वाचून झाल्यावर ‘तात्पर्य काय’ मात्र विचारू नकोस. हे मी हात जोडून सांगते. गोष्ट संपली की थोडं गप्प बस, मुलं आपणहून बोलतात. कोणी नाहीच बोललं तरी बिघडत नाही.

चित्रकलेचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे पालक फार घाई करतात. थोरलीला एलिमेंटरी आणि पुढे इंटरमिजिएट परीक्षेला बसव, मी विरोधात नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3, म्हणून आजकाल सगळेच बसवतात. पण गुणांसाठी बसवलेल्या मुलांना स्मरणचित्राची तीन-चार चित्रं पाठ करून देतात. बाजार, जत्रा, बसथांबा. सगळ्यांच्या बसथांब्यावर तीच छत्रीवाली बाई. तुझ्या मुलीला कापूरहोळच्या चौकात उभी कर. एक रस्ता भोरला जातो, एक सासवड-नारायणपूरकडे, आणि महामार्गावरून सातारा-कोल्हापूरच्या गाड्या धावतात. एसटीची वाट बघणारी माणसं कशी उभी राहतात, पिशवी कोणत्या हातात असते, म्हातारा कठड्याला कसा टेकतो, ते नुसतं बघायचं. वही न उघडता. घरी येऊन काढायचं. असं महिनाभर केलं की स्मरणचित्र या शब्दाला अर्थ येतो आणि परीक्षेचं भयही उरत नाही.

रंग विकत आणायच्या आधी एकदा सगळ्यांना रायरेश्वरावर ने. भोरवरून पुढे. शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली ती जागा म्हणून शाळेच्या सहली जातात, देवळाचं दर्शन घेऊन परत येतात. पठारावर मागच्या अंगाला वेगवेगळ्या रंगांची माती आहे. तांबडी, पिवळी, जांभळट, पांढुरकी. लोक सात रंग म्हणतात, मुलांना मोजू दे. कोणी उकरायचं नाही, पिशव्या भरून आणायच्या नाहीत. वाऱ्या-पावसाने सुटून पडलेली चिमूटभर माती प्रत्येक रंगाची एकेका पुडीत पुरते. घरी ती वस्त्रगाळ करायची, डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि त्याच रंगाने तोच डोंगर रंगवायचा. जोडीला चुलीतला कोळसा, हळद, गेरू, चुना. आपल्या पायाखालची जमीन कागदावर उतरते तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. माती तांबडी का, हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. त्यात लोह असतं, हवा-पाण्याने ते गंजतं, एवढं सांगितलं की विज्ञानाचा धडाही झाला.

भातलावणीच्या दिवसांत क्लासला पोरं येणार नाहीत. ती शेतावर असणार, तर तूच वह्या घेऊन बांधावर जा. इंद्रायणीची रोपं कशी मुठीत धरतात, वाकलेल्या पाठींची रांग कशी दिसते, इरल्याखालून माणसाचा किती भाग दिसतो, हे काढायला याहून चांगली जागा नाही. त्याआधी, मे अखेरीला वळवाचा पाऊस झाला की काजवे. वेल्ह्याच्या बाजूला राजगडाच्या परिसरात झाडंच्या झाडं लुकलुकतात. बॅटऱ्या बंद ठेवायच्या, कारण काजवे स्वतःच्या उजेडानेच एकमेकांना हाका मारतात आणि आपल्या झोतात त्यांची भाषा बुडते. बाटलीत एकही भरायचा नाही. कारवी तर सात वर्षांनी एकदाच सगळीकडे मिळून फुलते. पाचवीत असताना बघितलेली कारवी पुन्हा बघायची तर बारावी उजाडते. म्हणून प्रत्येकाला एक निसर्गवही करू दे. तारीख, जागा, हवा, काय दिसलं, आणि एक चित्र. नाव माहीत नसलं तर रिकामी जागा सोडायची, ते कधीतरी कळतं.

जवळचं ठिकाण हवं असेल तर नसरापूरचं बनेश्वर आहेच. नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये देऊळ बांधलं, भोवती दाट बन. तिथली घंटा बघायला लाव, 1683 साल कोरलेली. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक, असं सांगतात. पोर्तुगीजांची घंटा शंकराच्या देवळात कशी आली? ही घंटाच बोलायला लागली तर काय सांगेल? एवढा प्रश्न पुरतो, पोरं पानंच्या पानं लिहितात.

आता थोरलीबद्दल. ते तुझ्या मनात सगळ्यात जास्त आहे, हो ना? आठवी-नववीत मुली गळतात. रविवारी घरचं काम त्यांच्यावर येतं, बाहेर जाणं घरच्यांना रुचत नाही, आणि त्यांनाही लहान पोरांत बसायची लाज वाटते. तिला विद्यार्थी म्हणून बसवू नकोस. लहानांना गोष्ट वाचून दाखवणं, ओव्यांची वही सांभाळणं, पुस्तकांची देवघेव बघणं ही तिची कामं. लहान घरी गेले की मोठ्यांचा एक तास वेगळा ठेव, दार जरा लोटून. त्या तासात लिहिलेलं कोणी कोणाच्या घरी सांगणार नाही, असा शब्द दे आणि पाळ. तिने लिहिलेलं तुला आवडलं तरी पाहुण्यांसमोर वाचायला लावू नकोस. या वयात चारचौघांतलं कौतुकसुद्धा ओझं होतं.

स्पर्धा नको, क्रमांक नको, बक्षीस नको. गणेशोत्सवात मंडळवाले रंगभरण स्पर्धा घेतात, तिथे ज्याला जायचं तो जाईल. तुझ्या पडवीत नंबर लावलास की तिसऱ्या रविवारी मागच्या रांगेतला पोरगा येणं बंद करतो, आणि नेमकं त्यालाच यायची गरज असते. फी थोडी घे, कागद-रंगांपुरती. ज्याला ती जमत नाही त्याने पुस्तकांना कव्हरं घालून द्यावीत, पेन्सिलींना टोक करावं. फुकट असं कोणालाच वाटू देऊ नकोस.

बाहेर नेताना मात्र कडक राहा. भाटघरच्या पाण्याजवळ, नदीच्या डोहाजवळ क्लास नाही म्हणजे नाही. बंद बूट सगळ्यांना, दगडाखाली हात घालायचा नाही, फुरसं असतं. गडावर आग्या मोहोळं असतात, तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा नको. दहा मुलांमागे दोन मोठी माणसं असल्याशिवाय निघायचं नाही.

घरच्यांना आधी विश्वासात घे. सासूबाईंना तर पहिल्या ओवीचा मान दे, मग त्याच शेजारच्या पोरांना हाका मारतील. पावसाळ्यात पडवी गळत असेल तर जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेट, रविवारी एक खोली मिळते का विचार, किल्ली आणि झाडलोट आपल्याकडे असं लेखी दे.

पुण्याला वर्षातून दोनदा जरूर ने. आयुकातल्या मुक्तांगणमध्ये टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला, सारसबागेजवळचं गरवारे बालभवन बघायला, एखादं बालनाट्य बघायला. पण दर रविवारचं बोलशील तर माझा सल्ला घरचाच. त्या क्लासला ‘नाही’ कळव, आणि येत्या रविवारी नऊ वाजता सतरंजी अंथर. ‘किशोर’चे काही अंक आणि ‘वनवास’ मी भोरच्या एसटीने पाठवते, कोणाला तरी चौकात घ्यायला उभं कर.