मुशीचा दात आणि आपला काळा दगड

मुशी मासा आपण बाजारात पाहतो. मुंबईकडे त्याला मोरी असेही म्हणतात. पुस्तकातला शार्क तो हाच. बाजारातली मुशी हातभर असते, पण समुद्रात होडीपेक्षा लांब जातीही आहेत. लहान असो की मोठी, मुशीच्या अंगात एकही हाड नसते! तिचा सांगाडा कूर्चेचा असतो. आपला कान जरा दुमडून पाहा. आत जे लवचिक लागते ती कूर्चा. मासा मेला की कूर्चा कुजून जाते आणि मागे राहतात ते बहुतेक दातच.

आणि दात तरी किती! मुशीच्या जबड्यात दातांच्या रांगा एकीमागे एक असतात. पुढचा दात पडला की मागचा पुढे सरकतो. आपले दुधाचे दात एकदाच पडतात, मुशीचे मात्र जन्मभर पडतात. मोठ्या मुशीचे आयुष्यात हजारो दात गळतात. ते तळाच्या गाळात पुरले जातात, वर आणखी गाळ साचतो, पाण्यातले क्षार दातात शिरतात. लाखो वर्षांनी तो दात दगडासारखा होतो. पांढरा रंग जाऊन काळा, करडा किंवा तपकिरी होतो. यालाच जीवाश्म म्हणतात.

पूर्वी युरोपातल्या लोकांना असे दात डोंगरात सापडत. मासा डोंगरावर कसा जाईल? म्हणून ते म्हणत, या दगड झालेल्या सापाच्या जिभा आहेत. १६६६ साली इटलीत फ्लॉरेन्स येथे एका प्रचंड शार्कचे डोके आणले गेले. निकोलस स्टेनो या डॉक्टरांनी ते फाडून तपासले. दात आणि ‘जिभा’ शेजारी ठेवल्या, तर अगदी सारख्या! स्टेनोंनी १६६७ साली हे छापून प्रसिद्ध केले. म्हणजे जिथे आज डोंगर आहे तिथे एकेकाळी समुद्र होता. एका दाताने केवढी गोष्ट सांगितली!

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील व्हेनिस गावच्या किनाऱ्यावर घरची घरे चाळण्या घेऊन असे दात शोधायला जातात. ओहोटीच्या रेषेवर, शिंपल्यांचा बारीक चुरा साचतो तिथे बघायचे. त्रिकोणी, काळे, चकचकीत काही दिसले की उचलायचे.

आम्हीही गेलो. मे महिन्यात अंधेरीला मामांकडे असताना घरच्या सगळ्यांनी गोराईचा बेत केला. बोरिवलीहून खाडी होडीने ओलांडावी लागते. पौर्णिमेचा दुसरा दिवस मुद्दाम धरला, कारण उधाणाच्या दिवसांत ओहोटीही लांबवर जाते. आजीने भाकरी घेतल्या, मी धान्याची चाळण. तीन तास चाळले. शिंपले निघाले, खुबे निघाले, समुद्रफेस निघाला. काळे खडेही निघाले, पण दात एकही नाही. धाकट्या भावाने तर दर खड्याला “हा दात का?” असे विचारून मामांना भंडावून सोडले.

मामा म्हणाले, “अरे, इथे मिळणार कसा? आपला दगड गाळाचा नाही, आगीचा आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंधेरीची गिल्बर्ट टेकडी दाखवली. सुमारे २०० फूट उंच सरळ कडा, जणू काळे खांब जुडी करून उभे केले आहेत. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. हा बेसाल्ट दगड. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वर आला, थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा पडल्या आणि खांब झाले. आपल्या शाळेमागचा कातळ आणि विहिरीत लागणारा काळा दगडही त्याच लाव्ह्याच्या थरांचा. तापलेल्या लाव्ह्यात दात कुठला टिकायला? आपल्या देशात मुशीच्या दातांचे जीवाश्म मिळतात ते गाळाच्या खडकात. गुजरातेत कच्छमध्ये, आणि ओडिशात बारीपदाजवळ नदीकाठी, जिथून आजचा समुद्र बराच लांब आहे.

मग मुंबईत जीवाश्म नाहीतच का? आहेत. लाव्हा एकदम आला नाही. एक थर आला, मग मोठी विश्रांती. त्या काळात वर डबकी, तळी झाली, झाडे वाढली, प्राणी आले, गाळ साचला. मग पुन्हा लाव्हा. या मधल्या गाळाच्या पातळ थरात जीवाश्म मिळतात. वरळीच्या टेकडीत चिमुकल्या बेडकांचे सांगाडे निघाले. रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञांनी १८४७ साली त्यांचे वर्णन लिहिले. आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस म्हणतात. आता विचार करा, बेडूक सहसा खाऱ्या पाण्यात राहत नाही. म्हणजे आज वरळीला समुद्र गाजतो, तिथे तेव्हा गोड्या पाण्याचे तळे होते! फ्लॉरेन्सला दाताने समुद्र सांगितला, इथे बेडकाने तळे सांगितले.

आंबोलीच्या दगडखाणीतही एका कासवाचा जीवाश्म मिळाला. २००३ साली त्याला संकुचेमिस असे नाव मिळाले. पण खाणीत सुरुंग लागला की दगडाची खडी होते, आणि खडीत काय गेले ते कोण बघतो? गिल्बर्ट टेकडीच्या आजूबाजूचा दगडही असाच फोडून नेलेला आहे. त्या टेकडीला महापालिकेने २००७ साली वारसा म्हणून दर्जा दिला. वरळीच्या टेकडीवर तर आता घरेच घरे आहेत.

आपल्याकडे विहीर खणताना दोन काळ्या थरांमध्ये मऊ, पांढुरका किंवा करडा पातळ थर लागला तर पालकांनी जरा थांबून बघावे. गोगलगाईचे कवच, पानाची नक्षी दिसली तर तो दगड फोडू नये. किती हात खोल लागला ते लिहून दगड गुरुजींकडे द्यावा.

परतताना वेसाव्याच्या एका कोळीण मावशींनी आम्हाला मुशीचा ताजा दात दिला. तो पांढरा आहे, जीवाश्म नव्हे. खालच्या टेबलावर बाटलीत ठेवला आहे, शेजारी आपल्या विहिरीतला काळा दगड आहे. दोन्ही पाहावे. दाताच्या कडेवरून बोट फिरवू नये, करवतीसारखी धार आहे.