पत्राच्या तळाशी छापलेली ताकीद

आजच्या व्यापारी कचेऱ्यांतून जी ई-मेल पत्रे रोज बाहेर पडतात, त्यांपैकी पुष्कळशा पत्रांच्या तळाशी बारीक अक्षरांतला एक परिच्छेद असतो. प्रस्तुत पत्र गोपनीय असून ज्याच्या नावे ते धाडले आहे केवळ त्याच्यासाठीच आहे. दुसऱ्या कोणाच्या हाती ते पडल्यास त्याने ते वाचू नये, त्याची नक्कल करू नये, ते तत्काळ नष्ट करून पाठवणाऱ्यास तसे कळवावे, अन्यथा कायदेशीर कारवाई होऊ शकेल, असा त्याचा आशय असतो. हा मजकूर सहसा कोणी मुद्दाम लिहीत नाही. संगणकच तो प्रत्येक पत्राला जोडतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांखालीही तो असतो आणि कोट्यवधी रुपयांच्या निविदेखालीही. अशी निविदा चुकून एखाद्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली आणि तीतील दर पाहून त्याने आपले दर ठरवले, तर या परिच्छेदाच्या बळावर त्याला अडवता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम कराराचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. एका पक्षाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने त्याला संमती द्यावी आणि त्या वचनाच्या बदल्यात काही मोबदला असावा, ही त्या कायद्यातील कराराची मूळ बैठक होय. कलम ७ प्रमाणे स्वीकृती निरपवाद असावी लागते आणि ती रूढ व वाजवी रीतीने व्यक्त व्हावी लागते. तळटीप वाचणाऱ्या त्रयस्थाने यांपैकी काय केलेले असते? त्याने पत्र मागितलेले नसते, कशालाही होकार दिलेला नसतो आणि त्याला काही मिळालेलेही नसते. तो नुसता गप्प राहिलेला असतो.

मौन म्हणजे संमती असे व्यवहारात म्हटले जाते. कायदा तसे सहसा मानत नाही. या संदर्भात १८६२ सालचा फेल्टहाउस विरुद्ध बिंडले हा इंग्लंडमधील खटला आजही सांगितला जातो. पॉल फेल्टहाउस या गृहस्थाला आपल्या पुतण्याचा घोडा विकत घ्यायचा होता. तीस पौंड पंधरा शिलिंग ही किंमत कळवून त्याने पुतण्याला लिहिले की, याउपर काही उत्तर न आल्यास घोडा आपलाच झाला असे आपण समजू. पुतण्याने उत्तर धाडले नाही. त्याच्या मनात घोडा चुलत्यालाच द्यायचा होता, लिलाव करणाऱ्या बिंडलेला त्याने तसे बजावलेही होते; परंतु बिंडलेच्या हातून तो घोडा चुकून विकला गेला. चुलत्याने दावा लावला आणि तो हरला. उत्तर न देणे म्हणजेच रुकार, अशी अट एकाने दुसऱ्यावर लादता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. जेथे घरच्या माणसाची आणि तीही मनातून राजी असलेल्या माणसाची ही कथा, तेथे अनोळखी मनुष्याला तळटिपेने बांधून घेणे दूरच राहिले.

तळटिपेचा आणखी एक दोष तिच्या जागेतच आहे. १९४९ सालच्या ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट या खटल्यात हॉटेलात उतरलेल्या एका बाईंचा फरचा कोट चोरीस गेला होता. खोलीत लावलेल्या सूचनेवर बोट ठेवून हॉटेलने जबाबदारी नाकारली. न्यायालयाने ते ऐकले नाही; व्यवहार तर खाली, प्रवेशद्वाराजवळच्या टेबलाशीच पूर्ण झाला होता आणि सूचना नजरेस पडली ती त्यानंतर. ई-मेलच्या वाचकाचीही गत अशीच होते. 'हे पत्र वाचू नये' ही आज्ञा त्याला मिळते तेव्हा पत्र वाचून झालेले असते!

तथापि, करार नाही म्हणजे बंधनच नाही, असे मात्र समजू नये. विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीचा गैरवापर रोखणारे न्यायतत्त्व कराराहून निराळे आहे. १९६८ साली कोको विरुद्ध क्लार्क या मोपेडच्या इंजिनासंबंधीच्या खटल्यात न्यायमूर्ती मेगारी यांनी त्याची तीन अंगे सांगितली : माहिती मुळात गोपनीय स्वरूपाची असली पाहिजे, ती ज्या परिस्थितीत दिली गेली तीमधून गुप्ततेचे दायित्व उत्पन्न झाले पाहिजे, आणि तिचा अनधिकृत उपयोग झालेला असला पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात याच तत्त्वाचा आधार घेतला. एका निर्मितीसंस्थेने दूरचित्रवाणी मालिकेची कल्पना वाहिनीपुढे विश्वासाने मांडलेली होती. त्या कल्पनेला गोपनीयतेच्या कायद्याचे संरक्षण मिळाले.

पण ज्याला कोणी विश्वासाने काही सांगितलेलेच नाही, त्या आगंतुक वाचकाचे काय? ‘स्पायकॅचर’ या पुस्तकासंबंधीच्या खटल्याचा निकाल इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८८ साली दिला. त्यात लॉर्ड गॉफ यांनी या बाबीचा ऊहापोह केला आहे. विजेच्या पंख्याच्या वाऱ्याने एखादा उघड उघड गोपनीय कागद खिडकीतून गजबजलेल्या रस्त्यावर जाऊन पडावा, किंवा कोणाची खाजगी रोजनिशी वाटेत पडावी व ती वाटसरूने उचलावी, अशी उदाहरणे त्यांनी योजली. असा कागद उचलणाऱ्यावरही गुप्ततेचे बंधन येऊ शकते. कारण ही वस्तू गोपनीय आहे याचे त्याला ज्ञान झालेले असते.

तळटिपेला जी काही किंमत आहे ती येथे. ती बंधन निर्माण करीत नाही. परंतु वाचणाऱ्याला वस्तुस्थिती ठाऊक होती, हे सिद्ध करण्याच्या कामी ती पुरावा म्हणून मांडता येते. हा पुरावाही दुबळाच होय. शुभेच्छांपासून कँटीनच्या भोजनसूचीपर्यंत सर्वच कागदांवर ‘गोपनीय’ असा शिक्का मारणारी कचेरी त्या शिक्क्याचा अर्थ स्वतःच पुसून टाकत असते. याउलट, निवडक पत्राच्या शीर्षस्थानी, विषयाच्या ओळीतच घातलेला ‘गोपनीय’ हा एक शब्द न्यायाधीशाला अधिक काही सांगून जाईल.

वकील व अशील यांच्यामधील पत्रव्यवहाराला तर तळटिपेची गरजच नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने त्याला संरक्षण दिलेलेच आहे. पूर्वी ते १८७२ च्या पुरावा कायद्याने दिलेले होते.

व्यवसायात आधीच गोपनीयतेचा लेखी करार करणाऱ्या दोन पक्षांची स्थिती अर्थातच वेगळी असते. ते बांधले जातात ते त्या करारामुळे. तो करार ई-मेलद्वारे झालेला असला तरी चालतो. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत अॅल्युमिनियम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ई-मेलच्या देवघेवीतून पूर्ण झालेला करार ग्राह्य धरला. मात्र तेथे दोन्ही बाजूंनी उत्तरे दिली-घेतली गेली होती.

मग त्या प्रतिस्पर्ध्याचे काय? दुसऱ्याची निविदा आपल्यासाठी नाही हे पहिल्या ओळीतच त्याच्या ध्यानात आलेले असणार. त्याने त्यातील दर पाहून आपले दर ठरवले, तर न्यायालयाचे लक्ष जाईल ते त्या पहिल्या ओळीकडे; तळाचा परिच्छेद त्याने वाचला होता की नाही, ही गोष्ट बहुधा गौणच ठरेल.