दहा बाय दहाची खोली आणि तापलेली काच

वडील रेडिओ लावायच्या आधी एक काम कधी विसरत नसत. आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल रेडिओवरून उचलायचा, घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा आणि मगच बटण फिरवायचं. व्हॉल्व्हचा रेडिओ होता तो. मागच्या पुठ्ठ्याला भोकं होती, त्यांतून नारिंगी उजेड दिसायचा. "त्याला श्वास घेऊ दे," म्हणायचे. पुढं आमच्या गावात, केजमध्येच, गच्चीवरच्या १० बाय १० च्या खोलीत मी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मांडला. सहा उन्हाळ्यांत जे हाती लागलं ते लिहितो.

१. आधी हिशेब मांडा. माझ्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चार ईएल ३४ व्हॉल्व्ह होते. मीटर लावून पाहिलं तर १८० वॅट ओढत होता. गाणं चालू असो की नसो, आकडा जवळपास तोच. एवढ्याशा खोलीत स्पीकरला एक-दोन वॅट पुरतात, बाकी सगळी ऊब खोलीतच राहते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे दार लावून जवळजवळ दोन पाहुणे बसलेत आणि उठायचं नाव काढत नाहीत. एका ईएल ३४ चं नुसतं फिलामेंट पेटतं ठेवायला साडेनऊ वॅट लागतात. ईएल ८४ ला पावणेपाच. दोन वर्षांनी मी ईएल ८४ वर आलो. आवाजाची ताकद १० वॅटवर आली, पण या खोलीला तेवढी पुष्कळ झाली, आणि मीटरचा आकडा १०० च्या आत आला. घेताना लोक आवाज किती वॅटचा ते विचारतात. आपल्या भागात आधी वीज किती ओढतो ते विचारावं.

२. कपाटात ठेवू नका. दिसायला छान म्हणून मी तो लाकडी कपाटाच्या कप्प्यात ठेवला होता. मागं फळी, वर जेमतेम चार बोटं जागा. अर्ध्या तासात स्पीकरमधून बारीक गुणगुण सुरू झाली, मग तापलेल्या वार्निशचा वास आला. खालचा पत्रा उघडला तेव्हा एका कंडेन्सरचं डोकं फुगून वर आलं होतं. तेव्हा कळलं की व्हॉल्व्हची काळजी करायचं फारसं कारण नाही. त्याच्या आतला कॅथोड ७००-८०० अंशांना तापतो तेव्हाच काम करतो. तापणं हाच त्याचा धर्म. भोगावं लागतं ते शेजाऱ्यांना: कंडेन्सर, रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर. कंडेन्सरचा ठोकताळा असा की तो १० अंश कमी तापला तर आयुष्य साधारण दुप्पट होतं. आता वर दीड फूट मोकळं ठेवतो, मागं वीतभर, आणि खाली लाकडाचे ठोकळे, म्हणजे तळाच्या भोकांतून हवा वर खेचली जाते.

(पत्रा उघडणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: बंद करून वायर काढली तरी कंडेन्सरमध्ये तीन-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात. जाणत्या माणसाखेरीज आत हात घालू नये.)

३. खरा वैरी डोक्यावर असतो. तीन वर्षं मी अ‍ॅम्प्लिफायरच्याच मागं लागलो होतो. मग एका रात्री नऊ वाजता, अ‍ॅम्प्लिफायर दिवसभर बंद असताना, स्टुलावर उभं राहून छताला तळवा लावला. बाहेरच्या गच्चीवर वारा सुटला होता आणि आत छत चांगलं गरम होतं. मेच्या मध्याला सूर्य केजच्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत भर दुपारी चौरस मीटरला ९००-१,००० वॅट ऊन पडतं. १० बाय १० चा स्लॅब म्हणजे नऊ चौरस मीटरच्या वर. वरून आठ-नऊ हजार वॅट कोसळतायत आणि मी खाली शंभर वॅटची चिंता करत बसलोय! सगळं ऊन आत येत नाही हे खरं, पण स्लॅब ते पिऊन ठेवतो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो.

त्याच गल्लीत आमचं जुनं माळवदाचं घर आहे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, लाकडी किलच, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. वैशाखातल्या दुपारीही तिथं उघड्या अंगानं जमिनीवर पडलं की झोप लागते. आजोबांच्या पिढीला वॅट ठाऊक नव्हते, पण छताचं काम ठाऊक होतं. माती आता वर चढवता येत नाही, म्हणून पाडव्याच्या सुमारास स्लॅबला चुन्याचे दोन हात देतो. पावसाळ्यात तो निघून जातो, दरवर्षी द्यावा लागतो. पण संध्याकाळी खोलीत तीन-चार अंशांचा फरक पडतो. अ‍ॅम्प्लिफायरवर केलेल्या कुठल्याच खर्चानं एवढं पदरात पडलं नव्हतं.

४. रात्रीचं व्होल्टेज मोजा. शिवारातल्या मोटारी बंद झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज चढतं. एका रात्री २५५ दाखवत होतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं २२० आणि २४० अशा दोन खुणा होत्या, आणि दुरुस्त करून देणाऱ्यानं तार २२० वर जोडली होती. फिलामेंटला हवेत ६.३ व्होल्ट, जात होते ७.३. आतलं मोठं व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढलेलं. तार २४० वर आणून घेतली आणि फिलामेंटचं व्होल्टेज ६.७ वर आलं. आधी ट्रान्सफॉर्मरवर हात टेकवत नव्हता, आता पाच अंक मोजेपर्यंत ठेवता येतो. व्हॉल्व्ह जास्त टिकतात हे वेगळंच. लाईट गेली की बटण बंद करावं, आणि आल्यावर पाच मिनिटं थांबून मग लावावं.

५. कूलर समोर नको. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक शिंतोडा पुरतो. शिवाय धूळ आणि ओल एकत्र आली की सॉकेटमध्ये खरखर सुरू होते.

६. हवा खालून आत, वरून बाहेर. दाराखालची फट मोकळी ठेवली आणि वरच्या झरोक्यात सहा इंची एक्झॉस्ट बसवला. १०० वॅटची ऊब बाहेर काढायला तो पुरून उरतो. पण दुपारी तो लावणं म्हणजे ४१-४२ अंशांची हवा बोलावून आत घेणं. बाहेर आतल्यापेक्षा गार झालं तरच लावायचा. आणि त्याची घरघर तानपुऱ्यावर येते. तानपुरा ऐकू आला नाही तर एवढा खटाटोप कशासाठी? म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये लावतो, गाणं चालू असताना नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा ७ व्होल्टवर फिरतो. त्याचा आवाज कान लावला तरच येतो.

७. रेकॉर्ड दूर ठेवा. भीमसेनांच्या अभंगांची एक एलपी मी अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीवर ठेवून जेवायला गेलो. ६० अंशांच्या आसपास एलपी मऊ पडते. परत आलो तेव्हा ती पापडासारखी वळली होती. टाकवली नाही, अजून ठेवली आहे.

८. घड्याळ बदला. फाल्गुनापासून मृगापर्यंत माझं ऐकणं पहाटे साडेचारला सुरू होतं. स्लॅब तेव्हा दिवसातला सगळ्यांत गार असतो, झरोक्यातून येणारा वाराही. ललत, भटियार, जोगिया हे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात ते या उन्हाळ्यामुळंच. साडेसहाला बटण बंद. पंचाईत होते ती मारव्याची. आमीर खाँसाहेबांचा मारवा दिवेलागणीचा, आणि नेमका दिवेलागणीला स्लॅब पेटलेला असतो. दोन उन्हाळे हट्टानं ऐकला, घाम पुसत. आता ती रेकॉर्ड दिवाळीनंतर काढतो. मार्गशीर्षात खोलीत गारठा असतो, अंगावर शाल असते, आणि त्या चार काचांची ऊब तेव्हा हवीशी वाटते.