कार्ड बिघडले की ड्रायव्हर?

समजा, तुमच्या शाळेतील संगणकावर लिनक्स आहे. काल तो नीट चालत होता. संध्याकाळी लिनक्सची नवी आवृत्ती भरली आणि आज पडद्यावरील खिडक्या रखडत सरकू लागल्या. "ग्राफिक्स कार्ड जळाले, नवे आणा," असे कोणी म्हणेल. पैसे खर्चण्यापूर्वी आपण थोडा विचार करू.

पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० वेळा चित्र नवे करायचे, तर जवळजवळ साडेबारा कोटी ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. हे काम ग्राफिक्स कार्डाचे. त्याच्याकडून ते करवून घेणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हर नसेल तर हा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि चित्र रखडते.

एन्व्हिडियाच्या कार्डाचे उदाहरण घेऊ. 'नुव्हो' हा खुला ड्रायव्हर २०१० पासून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्येच आहे. कंपनीचा ड्रायव्हर मात्र बाहेरून जोडतात आणि त्या वेळी नुव्हो बहुधा बंद केला जातो. कर्नेल बदलला की बाहेरचा ड्रायव्हर त्याच्याशी पुन्हा जुळवावा लागतो. ही जुळणी फसली, तर कार्डाला एकही ड्रायव्हर उरत नाही!

आता तपासणी करू. टर्मिनल उघडून एल, एस, पी, सी, आय ही इंग्रजी लहान अक्षरे सलग टंकित करा. एक जागा सोडून उणे चिन्ह व त्याला जोडून के लिहा. यादीत ग्राफिक्स कार्डाखाली वापरातील ड्रायव्हरचे नाव दिसायला हवे. कार्ड दिसते, पण ड्रायव्हरचे नाव नाही, तर संशय ड्रायव्हरवर घ्या.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. संगणक पुन्हा सुरू करा आणि आरंभीच्या ग्रब यादीतून जुना कर्नेल निवडा. कार्ड तेच, पडदा तोच, बदलला तो फक्त कर्नेल. चित्र सुरळीत झाले, तर कार्ड निर्दोष ठरले! मग शिक्षकांच्या मदतीने नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर पुन्हा बसवा. जुन्या कर्नेलवरही चित्र रखडले, तर मात्र शोध पुढे चालू ठेवावा लागेल.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय घडले ते वहीत टिपायचे, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू पडतो. तुमच्या संगणकात कोणता ड्रायव्हर काम करतो, ते आजच पाहून ठेवा. उद्या बिघाड झाला, तर तुलनेला ती नोंद उपयोगी पडेल.