चलान, समन्स आणि नोंद : वाहतूक दंडाविषयी एक अभ्यासपाठ



वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना आम्ही राज्यघटना, मूलभूत हक्क आणि न्यायव्यवस्था यांचे पाठ देतो. तथापि आपल्यापैकी बहुतेकांची कायद्याशी पहिली गाठ पडते ती रस्त्यावर. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरे एकाच रस्त्याने जोडलेली आहेत. त्या रस्त्यावर आपले कोणी रिक्षा चालवतात, कोणी टेम्पो, कोणी दुचाकीवरून औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, तर कोणी घरपोच माल पोहोचवतात. अशा घरात दंडाचे पाचशे रुपये म्हणजे एका दिवसाची मजुरी असते. म्हणून पुष्कळ जण चलानाकडे पाहतच नाहीत. काही जण घाबरून, न वाचताच पैसे भरून मोकळे होतात. दोन्ही मार्ग हानिकारक आहेत. चलानाचा निकाल कोणत्या रीतीने लागला यावर आपल्या नावे कोणती नोंद राहते हे ठरते. ही गोष्ट समजून घ्यावी, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

चलान कोठून येते?

महाराष्ट्रात २०१९ पासून ‘एक राज्य, एक चलान’ ही व्यवस्था आहे. चलान राज्यात कोठेही झाले तरी ते एकाच प्रणालीत दिसते आणि दंड कोठूनही भरता येतो. रस्त्यावरील कॅमेऱ्याने किंवा पोलिसाच्या हातातील यंत्राने छायाचित्र घेतले की वाहनाच्या नोंदणीत असलेल्या मोबाइल क्रमांकावर संदेश जातो. नोंदणीत जुना क्रमांक राहिला असेल, तर संदेश भलत्याच व्यक्तीकडे जातो आणि मालकाला महिनोन्महिने पत्ताही लागत नाही. आपल्या भागातील एमएच ०५ क्रमांकाच्या वाहनांची नोंद कल्याणच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे असते. प्रत्येक वाहनमालकाने आपला चालू मोबाइल क्रमांक व पत्ता त्या नोंदीत आहे की नाही, हे प्रथम तपासावे.

प्रलंबित चलाने पाहण्यासाठी वाहतूक पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक’ संकेतस्थळावर वाहन क्रमांक आणि चासी अथवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक लागतात. ही माहिती नोंदणी पुस्तकातच असते. त्यासाठी दलालाची गरज नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फसवी ॲप धाडून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडत आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. संदेशातील दुवा न दाबता तो पत्ता स्वतः टाइप करावा.

प्रथम वाचन, मग निर्णय

चलान उघडल्यावर पाच गोष्टी पाहाव्यात : वाहन क्रमांक, ठिकाण, तारीख व वेळ, कायद्याचे कलम आणि छायाचित्र. छायाचित्रातील वाहन आपलेच आहे का, क्रमांकपट्टीवरील एखादा अंक चुकीचा वाचला गेला आहे का, हे शांतपणे पडताळावे. त्यानंतर चलान कोणी केले ते पाहावे. ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. परंतु बदलापूर ओलांडून वांगणीकडे गेले की ठाणे ग्रामीण पोलिसांची हद्द लागते. यांखेरीज महामार्ग पोलीस आणि परिवहन विभागाची वायुवेग पथकेही कारवाई करतात. कार्यालय चुकले की अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतो.

तीन मार्ग, तीन परिणाम

पहिला मार्ग तडजोडीचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० अन्वये ठरावीक गुन्ह्यांत तडजोड शुल्क भरता येते. ते भरल्यावर त्या गुन्ह्याबाबत पुढील कार्यवाही होत नाही. चूक खरोखर आपली असेल, तर हा मार्ग सर्वांत सरळ होय. पावती मात्र जपून ठेवावी.

दुसरा मार्ग तक्रारीचा. चलान चुकीचे असेल, तर त्याच संकेतस्थळावर किंवा संबंधित वाहतूक शाखेत पुराव्यासह तक्रार करता येते. त्या वेळी वाहन कोठे होते हे दाखवणारी कामाच्या ठिकाणची नोंद, दुरुस्तीची पावती किंवा वाहनाचे स्पष्ट छायाचित्र जोडावे. लेखी अर्ज दिल्यास पोच घ्यावी. आधी पैसे भरून मग तक्रार केल्यास तक्रारीचे बळ ओसरते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग न्यायालयाचा. दंड भरला नाही आणि तक्रारही मान्य झाली नाही, तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ शकते. तेथे गुन्हा कबूल करणे किंवा नाकारणे हा आपला अधिकार आहे. येथे एक भेद स्पष्ट समजावा. रस्त्यावर तडजोड शुल्क भरणे आणि न्यायालयात गुन्हा कबूल करणे या एकच गोष्टी नव्हेत. न्यायालयातील कबुली न्यायालयाच्या दप्तरात जाते. ज्या तरुणाला पुढे शासकीय नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीला सामोरे जायचे आहे, त्याने “लवकर सुटका व्हावी” म्हणून न वाचता कबुली देऊ नये.

न्यायालयातील नोंद कशी शोधावी?

वाहतूक प्रकरणांसाठी नागपूर येथे ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते आभासी न्यायालयाचे उद्‌घाटन झाले. आभासी न्यायालयाकडे गेलेले प्रकरण त्याच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक किंवा चलान क्रमांक देऊन सापडते. तेथे प्रस्तावित दंड भरावा की प्रकरण लढवावे, असे दोन पर्याय असतात. लढवण्याचा पर्याय निवडल्यास प्रकरण नियमित न्यायालयाकडे जाते.

नियमित न्यायालयातील प्रकरण ‘ई-कोर्ट्स’ या संकेतस्थळावर किंवा ॲपवर शोधावे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो नसल्यास जिल्हा ठाणे व संबंधित न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहावे. एका अक्षराच्या फरकाने नोंद हुकते. अशी किरकोळ प्रकरणे बहुधा ‘समरी क्रिमिनल केस’ या प्रकारात नोंदलेली असतात. समन्सवर उल्हासनगर, कल्याण किंवा अन्य कोणत्या न्यायालयाचे नाव आहे ते वाचून तेथेच जावे. प्रकरण निकाली निघाले असल्यास नक्कल शाखेत अर्ज करून आदेशाची प्रमाणित प्रत मिळवावी. पुढे कोणी विचारले, तर तोंडी सांगण्यापेक्षा ही प्रत उपयोगी पडते.

समन्स आले तर घरात दडवू नये. हजर न राहिल्यास वॉरंट निघू शकते. किरकोळ प्रकरणांत कलम २०८ अन्वये वकिलामार्फत हजर राहण्याची, अथवा नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून नमूद रक्कम पाठवण्याची सोय समन्सवरच दिलेली असते. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास फौजदारी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तथापि “चलान जुने झाले म्हणजे आपोआप रद्द झाले” असे मानू नये. मुदतीचा मुद्दा न्यायालयापुढे मांडावा लागतो.

पालकांसाठी विशेष सूचना

काही गुन्ह्यांत तडजोडीला वाव नाही. मद्यपान करून वाहन चालवणे (कलम १८५) हा त्यांपैकी एक. दुसरा आमच्या दृष्टीने अधिक चिंतेचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ (अ) नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा त्यात आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सुटीत घरी आलेल्या पाल्याच्या हाती कौतुकाने गाडीची किल्ली देण्यापूर्वी एवढे आठवावे.

वाहन विकतानाही दक्षता हवी. केवळ नोटरीच्या कागदावर व्यवहार करून गाडी दिली, तर चलाने जुन्या मालकाच्याच नावे येत राहतात. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात चौदा दिवसांत कळवायचे असते. नोंदणीकृत मालक हाच मालक मानला जातो आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मदत हा हक्क आहे

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्न असणारे नागरिक यांना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मीयांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला. त्यामुळे आपल्यातील अनेक कुटुंबांना हा हक्क उत्पन्न न पाहता मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा ठाणे येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. राष्ट्रीय लोकअदालतीतही तडजोडयोग्य चलाने ठेवली जातात. तेथील निवाडा अंतिम असतो व त्यावर अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम व चलान क्रमांक पडताळून पाहावेत.

आमची प्रत्येक घराला एक विनंती आहे. वाहनाची एक स्वतंत्र फाइल ठेवावी. तिच्यात नोंदणी, विमा, पीयूसी, दंडाच्या पावत्या, अर्जांच्या पोच आणि न्यायालयाच्या प्रती तारखेप्रमाणे लावाव्यात. वर्षातून दोनदा घरातील शिकत्या मुलाला किंवा मुलीला सोबत बसवून प्रलंबित चलाने तपासावीत. त्या निमित्ताने पाल्य कायद्याचा कागद वाचायला शिकेल आणि कष्टाने मिळवलेली रोजी अज्ञानापायी जाणार नाही.